दोन्ही घरचा पाहुणा

१८ जून १९४७च्या 'पंच' साप्ताहिकात ई. एच. शेपर्ड यांचं एक व्यंगचित्र आलं होतं. दोन बस उभ्या आहेत. एक ट्रुमन यांची, दुसरी स्टॅलिनची. दोघंही स्टँडाबाहेरच्या वडापवाल्यांसारखे गिऱ्हाईक ओढताहेत. प्रवासी म्हणजे युरोपातले देश. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी हार्वर्डच्या भाषणात युरोपला मदत देण्याची कल्पना मांडली, त्याला तेव्हा जेमतेम तेरा दिवस झाले होते. (लहान मुलांच्या पुस्तकातलं जगातलं सगळ्यात लाडकं अस्वल, विनी-द-पू, याच शेपर्डने काढलेलं. इथे रशियासाठी तयार अस्वल हाताशी असूनही त्याने बसच काढली.)

चित्र फक्कड आहे. मदत ही मदत नसून भरतीची मोहीम आहे, हे तेरा दिवसांत ओळखायला नजर लागते. पण जरा वेळ बघत राहिलं की एक गोष्ट खटकते. बसवाल्यांना चेहरे आहेत, हेतू आहेत, थोडा लबाडपणा आहे. प्रवाशांना फक्त पाट्या आहेत. त्यांनी या बसमध्ये चढायचं की त्या, एवढाच प्रश्न. भाडं किती, बस जाणार कुठे, वाटेत उतरता येईल का, हे कुणी विचारत नाही.

माझी तक्रार या एका चित्राबद्दल नाही. शीतयुद्धाच्या काळात परकीय मदतीवर जी व्यंगचित्रं निघाली, त्यांनी देणाऱ्याचा डाव बहुतेक वेळा अचूक पकडला. घेणाऱ्यालाही डोकं असतं, हे काढायचं मात्र राहून गेलं. ती बस आणि मदत घेणाऱ्याच्या हातातला तो कटोरा आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की आज आपण देणारे झालो तरी शेजाऱ्यांकडे त्याच चित्रातून बघतो.

आधी कटोऱ्याचंच बघू. मार्शल योजनेत अमेरिकेने चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर वाटले. सगळ्यात मोठा वाटा कुणाला मिळाला? ब्रिटनला. म्हणजे 'पंच' ज्या देशातून निघत होतं त्याच देशाला. पण 'मदत घेणारा देश' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चर्चिल-ॲटलींच्या हातातला कटोरा येत नाही, पश्चिम जर्मनीच्या हातातलाही येत नाही. धोतरातला, हाडं निघालेला माणूस येतो. रकमेचा आणि कटोऱ्याचा संबंध नाही. कातडीचा आणि कटोऱ्याचा आहे.

ही मांडणी शीतयुद्धाहून बरीच जुनी. ३० नोव्हेंबर १८७८ला त्याच 'पंच'मध्ये जॉन टेनिएलने अफगाणिस्तानचा अमीर शेर अली काढला. मध्ये अमीर, एका बाजूला रशियाचं अस्वल, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सिंह, आणि खाली ओळ: माझ्या मित्रांपासून मला वाचवा! मला विचाराल तर या विषयावरचं हे सगळ्यात चांगलं चित्र. इथे निदान मधल्या माणसाला तोंड उघडायला मिळालंय. रशियाने त्या उन्हाळ्यात न विचारता आपला दूत काबूलला धाडला. मग इंग्रज म्हणाले, आमचाही दूत घ्या. अमीराने त्याला खैबरमध्ये अडवलं, तर इंग्रजांनी युद्ध पुकारलं. अमीराने रशियाकडे मदत मागितली तेव्हा उत्तर आलं, इंग्रजांशी जुळवून घ्या. पुढच्या फेब्रुवारीत शेर अली मझार-ए-शरीफला वारला. बसवाला भाडं घेऊन मधेच उतरवतो, तो असा.

मॉस्कोत काय चाललं होतं? तिथे 'क्रोकोडिल' होतं, मगर या नावाचं, १९२२पासूनचं. त्यात अंकल सॅम डॉलरच्या थैलीसकट अंकाअंकाला भेटे. बोरिस येफिमोव हा त्या दुनियेतला मोठा चित्रकार. त्याचा सख्खा भाऊ, पत्रकार मिखाईल कोल्त्सोव, स्टॅलिनच्या राजवटीत १९४०मध्ये गोळी घालून मारला गेला. त्याच येफिमोवला १९४७मध्ये स्टॅलिनचा निरोप आला: उत्तर ध्रुवावर फौजफाटा घेऊन उतरणारा आयझेनहॉवर काढ. कल्पना स्टॅलिनची, आणि चित्राखालच्या मजकुरावर शेवटचा हातही स्टॅलिनचाच. भावाला मारणारा माणूस तुमचं चित्र तपासतोय आणि तुम्ही रेषा ओढताय. त्या खोलीची कल्पना केली तरी हात थंड पडतात.

अमेरिकेत व्यंगचित्रकार हर्ब्लॉक आपल्याच सिनेटर मॅकार्थीला सोलून काढत होता आणि वर त्याला पुलित्झर मिळत होतं. दोन्हीकडची परिस्थिती एका मापाने मोजता येणार नाही. पण गरीब देशाचं चित्र काढायची वेळ आली की गंमत होते. रशियन चित्रांतला आशिया-आफ्रिकेतला माणूस पिळदार दंडांचा, साखळ्या तोडणारा. तो कर्ज घेत नाही, घासाघीस करत नाही, हप्ते थकवत नाही. प्रत्यक्षात भिलाईचा पोलाद कारखाना रशियाने काही साखळ्या तोडल्याच्या आनंदात फुकट दिला नव्हता. अडीच टक्के व्याजाचं कर्ज होतं, बारा हप्त्यांत फेडायचं. एकीकडे भिकारी, दुसरीकडे भीम. हिशोबाची वही घेऊन बसलेला माणूस दोन्ही चित्रांत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. मराठीत म्हण आहे, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पन्नाशीच्या दशकातल्या भारताने ही म्हण खोटी पाडली. नोव्हेंबर १९५५मध्ये क्रुश्चेव आणि बुल्गानिन भारतात आले, मुंबईतही हिंडले, आणि गोवा भारताचाच असं त्यांनी ठणकावून सांगितलं. लगेच २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर निवेदन काढून गोव्याला पोर्तुगालचा 'प्रांत' म्हटलं. दिल्लीत संताप झाला. आणि ऑगस्ट १९५६मध्ये याच डलेस यांच्या अमेरिकेबरोबर भारताने पीएल-४८० या अमेरिकन धान्यमदतीच्या कायद्याखाली गहू घ्यायचा करार केला. पुढे १८ डिसेंबर १९६१ला, आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं असताना, सुरक्षा परिषदेत भारताच्या बाजूने नकाराधिकार वापरला तो रशियाने. अमेरिकेचे स्टीव्हन्सन त्याच बैठकीत भारताला धारेवर धरत होते. म्हणून काही अमेरिकन गव्हाची जहाजं थांबली नाहीत.

एकट्या महाराष्ट्राचा नकाशा उघडा. पवईची आयआयटी १९५८ची, युनेस्कोमार्फत आलेल्या रशियन मदतीवर उभी. (कानपूरची अमेरिकेच्या मदतीने.) तारापूरची अणुभट्टी अमेरिकन कंपनीने बांधलेली, १९६९मध्ये सुरू झालेली. आणि नाशिकजवळ ओझरला रशियन मिग-२१ विमानं बनवणारा कारखाना, १९६४चा. मिगच्या कराराने वॉशिंग्टन नाराज होतं, आणि तारापूरचा करार झाला तो त्याच्या पुढच्याच वर्षी, वॉशिंग्टनशीच. इंजिनिअर रशियन मदतीच्या कॉलेजातला आणि भट्टी अमेरिकन, अशी जोडी इथे सहज जमली असेल. याला लाचारी म्हणायचं? मला तर यात मुहूर्त काढून दोन सोयरिकींशी एकदम बोलणी करणारा मुरब्बी वधूपिता दिसतो. असलं चित्र मी तरी पाहिलेलं नाही.

बोकारोची हकिगतही तशीच. सरकारी मालकीच्या पोलाद कारखान्याला पैसा कशाला द्यायचा, म्हणून अमेरिकन काँग्रेस अडून बसली. १९६३मध्ये भारताने आपली मागणीच मागे घेतली आणि रशियाचं दार ठोठावलं. तोवर भिलाईत रशियन, राउरकेल्यात जर्मन आणि दुर्गापुरात इंग्रज, अशी तीन घरची चूल आपण पेटवून झालो होतो.

कुणी म्हणेल, ही सगळी झाकपाक झाली. कटोरा खराच होता. बरोबर आहे, काही वर्षं तो खरा होता, आणि ती वर्षं वाईट होती. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन दुष्काळ. १९६६मध्ये एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आलं. जहाजातून उतरायचं आणि थेट तोंडात जायचं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दोर आखूड धरला होता. वर्षाचा करार नाही, महिन्या-महिन्याला परवानगी. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल दिल्ली काही बोलली की पुढचं जहाज रेंगाळायचं. शास्त्रीजींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांना.

आमच्या घरी त्या काळाचं नाव 'मिलोची वर्षं'. मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. आई सांगायची, भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या. पीठ उकळत्या पाण्यात चांगलं मळलं तर कशीबशी तव्यापर्यंत पोचायची, आणि गार झाली की चामडं. तिकडे ती जनावरांना घालतात, हे आजोबांना कुणीतरी सांगितलेलं. ते ऐकल्यावर त्यांनी पानावरून उठायचं बाकी ठेवलं होतं, म्हणे. मग आजी म्हणाली, धर्माची गाय आणि दात का नाय! आणि सगळे जेवले. भीक नको पण कुत्रं आवर, हीसुद्धा त्याच वर्षांत आमच्याकडे फार वापरली गेलेली म्हण. म्हणजे मिंधेपणा काय असतो हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. पण 'धर्माची गाय'वाली बाई भिकारी वाटते का तुम्हाला? तिने गाईचे दात मोजलेले आहेत. फक्त आज बोलून उपयोग नाही, हे तिला कळतं.

तसंच कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचं. नोव्हेंबर १९६५मध्ये रोमला त्यांनी अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांबरोबर शेतीधोरण बदलायचा करार केला. वरवर ही शरणागती. आतली गोष्ट अशी, की नवं बियाणं, खतं आणि शेतकऱ्याला चांगला भाव हा कार्यक्रम त्यांचा स्वतःचाच होता आणि मंत्रिमंडळात त्याला विरोध होता. जॉन्सनच्या दांडगाईचा त्यांनी काठीसारखा उपयोग करून घेतला. १९६६मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आता हे एका चौकटीत काढून दाखवा! दोन मंत्री, एक जण पिळतोय, दुसरा पिळवून घेतोय, आणि पिळवून घेणाऱ्याच्या मनात आपल्याच लोकांविरुद्धचा डाव.

पीएल-४८०चा पैसा हे तर वेगळंच प्रकरण. गव्हाचे पैसे आपण डॉलरमध्ये नाही, रुपयांत द्यायचो. ते रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच साठायचे. साठून साठून डोंगर झाला. सावकाराकडे आपल्याच नोटांचा ढीग, आणि खर्चायला गेला तर आपल्याच बाजारात महागाई. शेवटी फेब्रुवारी १९७४मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या नावाने १,६६४ कोटी रुपयांचा चेक फाडला. गिनीज बुकात तो जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गेला. याच रुपयांतून १९६२पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली होती. मराठीसुद्धा. शिकागोसारख्या विद्यापीठाच्या कपाटात साठीतले मराठी कवितासंग्रह दिसले तर त्यामागे हा गहू आहे. इकडे पोळ्या, तिकडे कविता.

कागदावर न काढलेलं एक व्यंगचित्रही याच गव्हाचं. पुणेकरांना 'काँग्रेस गवत' वेगळं सांगायला नको. पांढऱ्या फुलांचं, अंगाला खाज आणणारं, रेल्वेरुळांपासून मुठेच्या काठापर्यंत माजलेलं. ते अमेरिकन गव्हातून आलं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तारखा मात्र नीट जुळत नाहीत. पुण्यात हे गवत दिसल्याची नोंद १९५५-५६ची, पीएल-४८०चा करार ऑगस्ट १९५६चा. अमेरिकन गहू त्याआधीही, १९५१च्या वेगळ्या कायद्याखाली आला होता. तेव्हा आलं असेल, तर असेल. पण लोकांना तारखांशी देणंघेणं नव्हतं. फुकटच्या धान्याबरोबर काय येतं ते त्यांना सांगायचं होतं, आणि सत्ताधारी पक्षाचं नाव तणाला देऊन त्यांनी एका शब्दात दोन्ही देश उडवले. यात देणारा आहे, घेणारा आहे, मध्यस्थसुद्धा आहे. 'पंच'च्या बसपेक्षा हे सरस.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. व्यंगचित्र म्हणजे प्रबंध नव्हे. चौकट एक, वेळ संध्याकाळपर्यंतची, वाचक चहा पिता पिता पाच सेकंद बघणार. त्यात व्याजाचा दर आणि मंत्रिमंडळातले तट कुठे घालायचे? मान्य. पण गुंतागुंत काढा असं मी म्हणत नाही, जागा बदला म्हणतो. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन बघा. १९५१पासून तो पुढाऱ्यांच्या मागे उभा राहिला, तोंडातून शब्द नाही. त्याच्यापाशी पैसा नाही, सत्ता नाही, तरी तो कधी भिकारी वाटला नाही. कारण चित्रातला बघणारा तो आहे. पुढाऱ्यांचं हसं त्याच्या डोळ्यांतून होतं. दोन धटिंगणांच्या मधल्या लहान देशाला असे डोळे द्यायला किती रेषा लागतात? दोन. लक्ष्मण यांना तेवढ्या पुरल्या.

डोळे दिले नाहीत की काय होतं, त्याचा नमुना ऑक्टोबर १९६२चा. 'डेली मेल'मध्ये इलिंगवर्थने केनेडी आणि क्रुश्चेवना बॉम्बांवर बसून पंजा लढवताना काढलं, एकेक बोट बटणावर. क्यूबाच्या पेचावरचं हे जगप्रसिद्ध चित्र, आणि त्यात क्यूबा नाही. क्षेपणास्त्रं ज्याच्या अंगणात, तो कॅस्ट्रो चौकटीबाहेर. तडजोड झाली तीही त्याला न विचारता, त्यामुळे चित्र खोटं म्हणता येत नाही. पण त्याच आठवड्यांत हिमालयात चिनी फौज आपल्यावर चालून आली होती. मॉस्को भारताला 'मित्र' आणि चीनला 'भाऊ' म्हणत होतं, आणि १९ नोव्हेंबरला नेहरू केनेडींकडे लढाऊ विमानं मागत होते. अलिप्ततेची ती सगळ्यात कठीण परीक्षा. आपण त्यात धड पास झालो नाही, नापासही नाही. पाहुण्याला एका घरी तेव्हा खरंच उपाशी बसावं लागलं. तारापूरच्या बाबतीतही हेच झालं. पोखरणनंतर अमेरिकेने कायदा बदलून इंधन अडवलं आणि १९८२मध्ये आपल्याला फ्रान्सकडे जावं लागलं. दोर नसतोच असं नाही. अफगाणिस्तानचं तर विचारूच नका. रशियन काडीने अमेरिकन सिगारेट पेटवावी, असं तिथले नेते दाऊद खान म्हणायचे म्हणतात. रशियाने बांधून दिलेल्या सालंगच्या बोगद्यातूनच १९७९मध्ये रशियन फौज आत आली. दोन्ही घरी जेवणं ही कला आहे, आणि ती सगळ्यांना सगळ्या वेळी साधत नाही.

आता आजचं. २०१४मध्ये मंगळयान पोचलं तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने व्यंगचित्र छापलं होतं. 'एलिट स्पेस क्लब'च्या दारावर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन टकटक करतोय. आपण केवढे चिडलो! वृत्तपत्राला माफी मागावी लागली. चिडणं योग्यच होतं. पण मग आपल्या फोनमध्ये काय फिरतं ते बघा. पाकिस्तानचा पंतप्रधान म्हणजे कटोरा. २०२२मध्ये श्रीलंका कोसळली, भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली, ती मोलाची होती. आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ड्रॅगनच्या जबड्यातलं बेट आणि खाली हात पसरलेला माणूस. हंबनटोटा बंदराचं चिनी कर्ज हा राजपक्षेंच्या स्वतःच्या जिल्ह्याचा हट्ट होता, हे त्या चित्रात मावत नाही. शिवाय श्रीलंकेच्या परकीय कर्जात चीनपेक्षा मोठा वाटा खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. पण रोखेबाजाराला अस्वल, सिंह, ड्रॅगन असं चित्रात काढण्याजोगं तोंड नाही. तोंड नाही म्हणून तो सुटला.

मालदीवचं तर ताजं आहे. मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, भारतीय सैनिकांना परत जा म्हणाले, जानेवारी २०२४मध्ये बीजिंगला जाऊन करार करून आले. आपल्याकडे बहिष्काराची लाट. त्याच ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीला आले आणि ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची सोय घेऊन गेले. त्या संध्याकाळी ग्रुपवर चित्र पडलं: नारळाचं झाड, आणि त्याखाली नारळाच्याच करवंटीचा कटोरा. करवंटीची कल्पना चांगली होती, हसू आलंच. पाठवणारे आमचे एक निवृत्त काका, पवईच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एका तुकडीचे. त्यांना शिकवायला रशियन प्राध्यापक होते आणि घरी रेशनचा अमेरिकन गहू होता, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. मी त्यांना विचारलं, "काका, नेहरूंनी छप्पन साली हेच नव्हतं का केलं?" ते म्हणाले, "ते वेगळं. ते धोरण होतं."